जाड मुळाचा माज

बोन्सायच्या पुस्तकांत मुळांचा धडा बहुधा मेपलवर शिकवलेला असतो. बुंध्याभोवती मुळं चहूकडे पसरलेली, वर्षानुवर्षांनी एकमेकांत मिसळून थाळीसारखी सपाट झालेली. जपानी लोक या दर्शनी पसाऱ्याला नेबारी म्हणतात. नागपूरजवळच्या आमच्या कोराडीत मेपलच्या नादी लागू नये, हे आधीच सांगतो. त्याला हिवाळ्यात खरी थंडी हवी, आणि नागपूरने 23 मे 2013 रोजी 47.9 अंश सोसले आहेत. पण हाच धडा वड, पिंपळ, उंबरालाही लागू पडतो, आणि ही झाडं आपल्याकडे न लावता उगवतात.

धडा एवढाच, की जोरकस मुळाला आवरायचं. आपण नेमकं उलट करतो. कुंडी बदलताना जाड मूळ भीतीपोटी राखतो आणि बारीक मुळं कचरा समजून छाटतो. जाड मूळ जास्त पाणी ओढतं, त्यावर पोसलेल्या फांद्यांना पानं जास्त येतात, आणि ती पानं तयार केलेलं अन्न पुन्हा त्याच मुळाकडे धाडतात. म्हणजे ते आणखी जाड होतं. शेजारचं दुबळं मूळ तिथंच राहतं आणि काही वर्षांनी बुंधा एका अंगाने फुगतो. जाड मूळ आखूड कापलं की कापाशी नवे फाटे फुटतात. तोवर न दुखावलेली बारीक मुळं बरोबरी गाठतात.

सोटमूळ तर या सगळ्यांचा म्होरक्या. शेतात ते हवंच, खोल ओल तेच शोधतं. दोन-तीन इंची ट्रेमध्ये मात्र त्याला काम उरत नाही. धरून ठेवायला तार आहे, पाणी द्यायला झारी. म्हणून तर जुन्या भिंतीच्या सांध्यात वाढलेला पिंपळ बोन्सायवाल्यांना प्रिय. खाली जायला वाट नसल्यामुळे त्याची मुळं मुळातच आडवी गेलेली असतात. तो उपटू मात्र नका. पडकी भिंत उतरवली जात असेल तर गवंड्याला सांगून चुन्यासकट सोडवून घ्या.

मेपलची मुळं हिवाळा सरताना, कळ्या उमलण्याआधी कापतात. आपल्या वड-पिंपळांना मृगाच्या दमदार सरी पडून हवा दमट झाल्यावर हात लावावा. मुळं पाण्याने धुवायची, पांढरा चीक येईल तो वाहू द्यायचा. बुडाखालचा भाग सपाट कापून तिथं फरशीचा तुकडा ठेवायचा, म्हणजे नव्या मुळांना खाली शिरता येत नाही, बाजूलाच जावं लागतं. एकावर एक चढलेल्या मुळांपैकी एक काढायचं, उरलेली चारी दिशांना पांगवून झाड तारेने ट्रेला घट्ट बांधायचं. झाड हललं तर नवी पांढरी टोकं तुटतात.

एका बाजूला मुळंच नसतील तर गुटी. पावसाळ्यात खोडावरची साल कड्यासारखी पुरती काढून भोवती ओलं शेवाळ आणि प्लास्टिक गुंडाळायचं. आतलं लाकूड पाणी वर नेत राहतं, पण सालीतून खाली येणारं अन्न कापाच्या वरच्या काठावर अडतं, आणि तिथून मुळं फुटतात. काप पूर्ण गोल असला तर मुळंही सगळीकडून येण्याची शक्यता जास्त. बिघडलेलं बूड दुरुस्त करत बसण्यापेक्षा मला हा मार्ग बरा वाटतो.

माती आपल्या शेतातली काळी नको. पावसाळ्यात ती चिकटून बसते, उन्हाळ्यात भेगाळते आणि बारीक मुळं तोडते. कोराडीच्या वीज केंद्राची राख फुकट मिळाली तरी घेऊ नका. ती इतकी बारीक की हवेच्या वाटा बुजवते. चाळून धूळ काढलेला विटांचा चुरा, जाड रेती आणि थोडं मुरलेलं शेणखत, एवढं पुरतं.

कापल्यानंतर नवी पालवी येईपर्यंत खत देऊ नका, ट्रे कडक उन्हात ठेवू नका, आणि मुळं आली का हे बघायला झाड उकरू तर मुळीच नका.