ताण्याचे मोल

रायपूरच्या बाजारात कोशाचे लुगडे हाती घेतले की आमची दृष्टी काठापदराकडे जाते आणि आम्ही विणकराची वाहवा करतो. परंतु चांप्याकडील घरांत धोटा हलण्यापूर्वीच कितीतरी श्रम झालेले असतात. स्त्रियांनी कोश उकळून सूत मांडीवर वळावयाचे. मग ताणा पसरावयाचा, एकेक तार फणीतून ओवावयाची. (मांडी वाचावी म्हणून आता केंद्रीय रेशीम मंडळाचे ‘बुनियाद’ यंत्र आले आहे, हे बरे झाले.) पैठणीच्या नक्षीत तर ताणा आडव्या धाग्यांखाली बराचसा लपून जातो, एखादी तार सैल राहिली की मात्र ती तत्काळ डोळ्यांत भरते! ज्याचा दोष तेवढा दिसावा आणि गुण दिसू नये, अशा कामाचे मोल कोणी ठरवावे? मजुरी बहुधा विणलेल्या कापडावर मोजतात. तो ताणा लावणारीचा वाटा त्या हिशेबात कोठे मांडावा, हे आम्हांस अद्यापि उमगलेले नाही.