तोंडपाठ शब्द कोणाचा?

रमजानच्या रात्री भिवंडीच्या मशिदीत तरावीहच्या नमाजासाठी हाफिज पुढे उभा राहतो, तेव्हा कुराणाचे तीसही पारे त्याला मुखोद्गत असतात. त्यामागे वर्षानुवर्षांची शिस्त असते: रोजचा नवा सबक, अलीकडच्या धड्यांची सबकी आणि जुन्या भागाची उजळणी म्हणजे मंझिल. वेदपाठशाळांनी हेच काम पद, क्रम, जटा, घन या पाठांनी साधलं. शब्द उलटसुलट गुंफून म्हटले की गळलेलं अक्षर तिथेच पकडलं जातं. दोन्हीकडची श्रद्धा वेगळी, पण धारणा एकच: शब्द म्हणणाऱ्याचा नाही. तो फक्त राखणदार, म्हणून काना-मात्रा बदलण्याची मुभा त्याला नाही. त्याच भिवंडीतल्या गोदामात किंवा यंत्रमाग कारखान्यात वरिष्ठांपुढे प्रेझेंटेशन देणारा माणूस स्लाइडवरचा मजकूर अक्षरशः घोकतो, तेव्हा तो स्वतःच्याच शब्दांचा राखणदार होऊन बसतो. मग एक वाक्य निसटलं की सगळंच निसटतं. स्वतःच्या विधानाची राखण करायची नसते, त्याची जबाबदारी घ्यायची असते. म्हणून प्रश्न स्मरणशक्तीचा नाही, शब्दाच्या मालकीचा आहे.

प्रेझेंटेशन देणाऱ्याला जवळची परंपरा कीर्तनाची. नारदीय कीर्तनकाराच्या मनात नमन, पूर्वरंग, मध्यंतर, उत्तररंग हा क्रम पक्का असतो. पूर्वरंगात मांडलेला सिद्धान्त उत्तररंगातल्या आख्यानाने पटवायचा, हेही ठरलेलं. वाक्यं मात्र समोरच्या श्रोत्यांना बघून सुचतात. ग्रीक कवी सिमोनिडीसची सिसेरोने सांगितलेली कथा याच जातीची: मेजवानीचं छत कोसळलं आणि कोण कुठे बसलं होतं, या आठवणीवरून त्याने मृतांची ओळख पटवली. तेव्हापासून वक्ते मनातल्या घरात एकेका जागी एकेक मुद्दा ठेवू लागले. भिवंडीकराला त्यासाठी राजवाडा कल्पायला नको. सूत, सायझिंग, बीम, माग, ताका, या वाटेने मनात चालत जावं. सुताशी भाव, सायझिंगशी खर्च, मागाशी वीज, ताक्याशी दोष. ही वाट मुद्दे नुसते टांगून ठेवायच्या खुंट्यांपेक्षा सरस, कारण एका जागेतून दुसरी निघते. बीम नीट भरला नसेल तर ताक्यातला दोष आपोआप आठवतो. इथे आठवणं आणि कारण शोधणं एकच होतं.

यावर कोणी वेदातल्या शब्दांचे अर्थ लावणाऱ्या यास्काचा दाखला देईल: अर्थ न जाणता वेद पाठ करणारा भार वाहणाऱ्या खांबासारखा, असं त्याच्या निरुक्तातच म्हटलं आहे, मग पाठांतराचं कौतुक कशाला? पण तो दोष पाठ करून तिथेच थांबणाऱ्याचा आहे. पाठ टिकलाच नसता तर यास्काने अर्थ कशाचा लावला असता? दुसरा म्हणेल, पडदा समोर असताना आठवायचं कशाला. याच्या उलट, लिहिण्याने माणूस विसराळू होईल ही भीती प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादातला राजा थामस बोलून दाखवतो (ती आपल्याला कळली तीही प्लेटोने लिहून ठेवल्यामुळेच). तेव्हा वाटणी करावी: पडद्याने आकडे सांभाळावेत, युक्तिवाद डोक्यात असावा. तिसरा आक्षेप खरा बोचरा आहे: मनातली वाट सुबक झाली की तिच्यात न बसणारा अडचणीचा आकडा वक्ता सहज गाळतो, आणि आपण गाळला हे त्यालाही कळत नाही. यावर स्मरणाची कोणतीही युक्ती चालत नाही, दुसरा माणूसच लागतो. तरावीहमध्ये पुढचा हाफिज चुकला तर मागे उभा असलेला जाणकार तिथल्या तिथे लुकमा देतो, म्हणजे योग्य शब्द सुचवतो, आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. पुढच्या बैठकीत तेच आकडे माहीत असलेल्या एका सहकाऱ्याला समोर बसवा आणि मध्येच टोकायची परवानगी त्याला आधीच देऊन ठेवा.