आराखड्याबाहेरची गावं

नवी मुंबईची कल्पना पहिल्यांदा छापून आली ती १९६५ साली, 'मार्ग' या नियतकालिकात. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ती मांडली. लांबट मुंबईत रोज सकाळी सगळी गर्दी दक्षिणेच्या टोकाकडे लोटते. कामाची ठिकाणंच खाडीपलीकडे नेली तर हा लोंढा वळेल, असा त्यांचा विचार होता. १७ मार्च १९७० रोजी हे शहर उभारण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांचं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचं क्षेत्र नव्या शहरासाठी ठरलं.

नगररचनेचं काम करणारा माणूस म्हणून या आराखड्याबद्दल मला मनापासून आदर आहे. एकाच केंद्राभोवती शहर फुगवण्याऐवजी वाशी, नेरुळ, बेलापूर, खारघर असे स्वतंत्र नोड आखले गेले. शाळा, बाजार आणि मैदान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावं, हा आग्रह होता. जमीन विकसित करून विकायची आणि त्या पैशातून पुढचे रस्ते, गटारं, पाणी उभं करायचं. १९९२ मध्ये वाशीला लोकल पोचली, तेव्हा त्या मार्गाच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला होता. मंत्रालय इकडे येईल ही अपेक्षा फोल ठरली, नोकऱ्याही उशिरा आल्या, तरी शहर उभं राहिलं.

मला अस्वस्थ करतात ते या नकाशातले बिनरंगाचे तुकडे. निवासी भाग पिवळा, व्यापारी निळा, उद्यानं हिरवी, आणि मधे मधे काहीच न भरलेली जागा. ती गावठाणं: घणसोली, तुर्भे, शिरवणे, करावे, दिवाळे. शेतं, मिठागरं, खाजणं संपादनात गेली आणि राहती घरं वगळली गेली. वगळण्यामागे सद्हेतूही असेल. पण वगळलेल्या जागेचं पुढे काय होणार, तिथली मुलं मोठी होऊन कुठे राहणार, हा प्रश्न आराखड्याने स्वतःला विचारलाच नाही.

या गावांकडे शिकण्यासारखं पुष्कळ होतं. खाऱ्या पाण्याला बांध घालून भात पिकवणारे आगरी शेतकरी उघाडीचं तंत्र पिढ्यान् पिढ्या जाणत होते. भरतीला दार लावायचं, ओहोटीला साचलेलं पाणी सोडायचं. वाशी-नेरुळचे धारण तलाव आज मुसळधार पावसात शहराला बुडण्यापासून वाचवतात ते याच तत्त्वावर. भरती-ओहोटीचं हे गणित या खाडीकाठाला मुळीच नवं नव्हतं.

पुढचा इतिहास रायगड-ठाण्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्त रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांचा बळी गेला. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. भूखंड हातात पडायला मात्र वर्षानुवर्षं लागली. तोवर कुटुंबं वाढत होती आणि बहुतेक गावांची हद्द होती तिथेच होती. मग अंगणात खोली, खोलीवर मजला, गावालगतच्या तुकड्यावर इमारत, अशी गरजेपोटीची घरं उभी राहिली.

या घरांत आज फक्त भूमिपुत्र राहत नाहीत. रिक्षा चालवणारे, बाजार समितीत ओझी वाहणारे, इमारतींवर रखवाली करणारे, सेक्टरमधल्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या बायका, ऐरोलीत पहिली नोकरी लागलेली मुलं, सगळ्यांना पहिला आसरा गावात मिळतो. सिडकोने अल्प उत्पन्न गटांसाठी घरं बांधली, पण ती विकत घ्यायची. कालच स्टेशनवर उतरलेल्या माणसाला विकतचं घर नको असतं, भाड्याची खोली हवी असते. ती पुरवण्याचं काम आराखड्यातून वगळलेल्या गावांनी केलं.

बेलापूरला सेक्टर ८ मधलं आर्टिस्ट्स व्हिलेज मी म्हणूनच पुन्हा पुन्हा पाहतो. कोरियांनी ते १९८३ ते १९८६ या काळात रचलं. सात घरं आणि मधे आठ मीटर चौरसाचं अंगण; अशा तीन समूहांच्या मधे आणखी मोठा चौक. सर्वांत लहान भूखंड ४५ चौरस मीटरचा, मोठाही ७५ च्या आसपास. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, त्यामुळे ऐपतीप्रमाणे आपलं घर वाढवायला प्रत्येक जण मोकळा. आज मूळची बरीचशी घरं जाऊन त्या जागी उंच बांधकामं आली आहेत. काहींना याचं दुःख होतं, मला होत नाही. घरं बदलली तरी बरीचशी अंगणं टिकली, आणि टिकवायची होती ती तीच.

गावठाणातल्या माणसाने याहून वेगळं काय केलं? त्यानेही गरज वाढली तसं घर वाढवलं. एका वाढीला जगभर वास्तुकलेचा नमुना म्हणून मान मिळाला, दुसरीला अनधिकृत बांधकामाची नोटीस. फरक होता तो आधी आखून ठेवलेल्या मोकळ्या जागेचा. गावात ती कोणी राखली नाही, आणि त्याची किंमत मोठी आहे. खिडकीला खिडकी भिडलेली आहे, खालच्या खोल्यांत दुपारीही दिवा लागतो, अग्निशमन दलाची गाडी गल्लीच्या तोंडाशी अडते. हे गोड मानून घेण्यासारखं नाही.

नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या 'नैना' या अधिसूचित क्षेत्रात आता नगररचना परियोजना राबवल्या जातात, त्यांत मालकाला त्याच्या जमिनीचा ४० टक्के भाग विकसित भूखंड म्हणून परत मिळतो. साडेबारा टक्क्यांच्या तुलनेत हा मोठा पल्ला आहे, आणि तो जासईच्या लोकांनी गाठून दिला. जुन्या गावांतली घरं नियमित करण्याचे निर्णयही निघाले आहेत. सोबत क्लस्टरची चर्चा आहे, म्हणजे सगळं पाडून मनोरे. गावांचा त्याला विरोध आहे आणि मला तो रास्त वाटतो. दिवाळ्याच्या कोळणीला मासळी उतरवायला, जाळं पसरायला जमिनीवरची जागा लागते, विसाव्या मजल्यावरची गॅलरी तिच्या काय कामाची? आधी प्रत्येक गावची मोजणी व्हावी, घरटी आणि गल्लीवार, गावकऱ्यांना सोबत घेऊन: कोणतं अंगण सामाईक, कोणती वाट देवळाची, कुठली गल्ली दोन घरं मागे सरकली तर गाडी जाण्याएवढी रुंद होईल. हे कागदावर आलं की प्रत्येक घराला मालमत्ता पत्रक द्यावं. इमारती किती मजली, ते नंतर ठरवता येईल.