कठडा नसलेले छप्पर

तळेरे हे तिठ्याचे गाव. मुंबई–गोवा महामार्गाला येथे वैभववाडी–गगनबावड्याकडून कोल्हापूरचा रस्ता येऊन मिळतो आणि विजयदुर्गची वाटही या परिसरातूनच फुटते. ईद असो, लग्नकार्य असो की मयत, मुंबई-पुण्याची आपली कुटुंबे रात्रभर प्रवास करून याच रस्त्याने गावाकडे येतात. गाडी सुरू होताच घरातील वडीलधारे प्रवासाची दुआ मोठ्याने पढतात आणि मुले ती मागोमाग म्हणतात. हे दृश्य मनाला समाधान देणारे आहे. परंतु पुढच्या आसनावर आईच्या मांडीवर तान्हे मूल असते. मागच्या आसनावरचे सुरक्षा पट्टे आच्छादनाखाली दडपलेले असतात. पुढे पोलीस दिसले की चालक घाईने आपला पट्टा ओढून घेतो आणि पोलीस मागे पडले की तो पुन्हा सोडून देतो.

या कृतीकडे आपण किरकोळ बाब म्हणून पाहतो. वस्तुतः तिच्या मुळाशी तीन प्रश्न आहेत. माझा जीव माझ्या मालकीचा आहे काय? अल्लाहवर भरवसा ठेवणे म्हणजे काय? आणि कोणी पाहत नसताना नियम का पाळावा?

‘जीव माझा, जोखीम माझी, मग सरकारने मध्ये का पडावे?’ असा युक्तिवाद अनेक जण करतात. इस्लामच्या दृष्टीने त्याचा पायाच चुकीचा आहे. हे शरीर आपण निर्माण केलेले नाही. ती अल्लाहने सोपविलेली अमानत आहे आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो. सूरह अल-बकराच्या 195व्या आयतीत स्वतःला आपल्याच हातांनी विनाशात लोटण्याची मनाई आहे. जीविताचे रक्षण हे शरीअतच्या मूलभूत उद्दिष्टांपैकी एक मानले गेले आहे. शिवाय या जिवावर इतरांचेही हक्क आहेत. कमावता पुरुष किंवा घर सांभाळणारी स्त्री अकाली गेली, तर जोखीम एकाची आणि शिक्षा साऱ्या घराला, असे होते. गाडीच्या आत तर हे अक्षरशः खरे ठरते. टक्कर होताच मागे बसलेला पट्टा न लावलेला माणूस गाडीच्याच वेगाने पुढे फेकला जातो आणि पुढच्या आसनावर बसलेल्या आपल्याच माणसावर आदळतो. आईची मिठी कितीही घट्ट असली, तरी त्या क्षणी ती बाळाला धरून ठेवू शकत नाही.

4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी व सुरक्षिततेसाठी नावाजलेली होती. मागे बसलेले दोघे मृत्युमुखी पडले आणि पुढचे दोघे जबर जखमी होऊनही वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर मागच्या पट्ट्याची देशभर चर्चा झाली. खरे तर मागे बसणाऱ्यांसाठीचा नियम केंद्रीय मोटार वाहन नियमांत आधीपासूनच होता आणि 2019च्या दुरुस्तीने दंड एक हजार रुपये झाला होता. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने वा बालआसनाने सुरक्षित न बसविल्यासही तोच दंड आहे. कमी होती ती नियमाची नव्हे, मनाच्या तयारीची. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मरण पावली. त्यांपैकी 16,715 जणांनी पट्टा लावलेला नव्हता.

दुसरा आधार घेतला जातो तो तकदीरचा. ‘मृत्यू लिहिलेला असेल तर पट्टा काय करणार?’ मृत्यूची वेळ अल्लाहच्या ज्ञानात आहे, यावर आपला ईमान आहे. पण ती वेळ आपल्याला सांगितलेली नाही. आपल्याला सांगितले गेले आहे ते कर्तव्य. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले. ज्यांच्याहून मोठा तवक्कुल कोणाचा असू शकत नाही, त्या प्रेषितांनी (स.) उहुदच्या रणांगणात एकावर एक अशी दोन चिलखते घातली होती. शामकडे निघालेल्या हजरत उमर (रजि.) यांना तेथे साथ पसरल्याचे कळताच ते सरग येथून परतले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. पट्टा हेही तकदीरच्या बाहेरचे साधन नाही. ज्याने लोखंडाला वेग दिला, त्यानेच पट्ट्याला ताकद दिली.

अबू दाऊदच्या हदीससंग्रहातील एक शिकवण या संदर्भात विशेष विचार करण्यासारखी आहे. जो मनुष्य कठडा नसलेल्या छपरावर रात्री झोपतो, त्याच्या संरक्षणाची हमी उरत नाही, असा तिचा आशय आहे. तशी 25 मीटर उंचीवरून, म्हणजे सुमारे आठ मजल्यांवरून, पडणारी वस्तू जमिनीवर ज्या वेगाने आदळते, तो वेग ताशी सुमारे 80 किलोमीटर असतो. महामार्गावर आपण हा वेग सहज गाठतो. म्हणजे पट्ट्याविना धावत्या गाडीत बसणे हे आठव्या मजल्याच्या कठडा नसलेल्या छपरावर लेकराबाळांसह बसण्यासारखे आहे. फरक इतकाच की छपरावरून खोली दिसते, गाडीतून ती दिसत नाही. सिंधुदुर्गातील महामार्ग आता चौपदरी आणि गुळगुळीत झाला आहे. त्यामुळे ही न दिसणारी खोली वाढलीच आहे.

येथे एक न्याय्य तक्रार नोंदवली पाहिजे. सगळा दोष प्रवाशांच्या माथी मारणे योग्य नाही. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री याच महामार्गावरील महाडजवळचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्या माणसांसह पुरात गेल्या. तेथे कोणताही पट्टा उपयोगाचा नव्हता. दूरच्या नदीकाठी एखादे जनावर दगावले तरी त्याचा जाब मला विचारला जाईल, अशी धास्ती हजरत उमर (रजि.) बाळगत, असे सांगितले जाते. रस्ता राखणाऱ्यांनी ही जबाबदारी ओळखावी, अशी मागणी आपण अवश्य करावी. परंतु दुसऱ्याने आपली अमानत पाळली नाही, म्हणून माझ्या अमानतीतून माझी सुटका होत नाही.

आता तिसरा आणि सर्वांत अवघड प्रश्न. गाडीत पट्टा न लावल्यास सूचक घंटी वाजते. ती बंद करण्यासाठी केवळ खाचेत अडकवायच्या क्लिपा बाजारात मिळू लागल्या. अखेर मे 2023मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यांची ऑनलाइन विक्री हटविण्याचे आदेश पाच कंपन्यांना दिले. काही जण तर पट्टा पाठीमागून खाचेत अडकवून त्यावर टेकून बसतात. येथे माणूस कोणाला फसवतो? पोलिसाला नव्हे, कारण तो तेथे नाही. आपल्याला सावध करणाऱ्या साधनालाच तो खोटी साक्ष देतो. वाहन परवाना घेताना आपण नियम पाळण्याचे वचन दिलेले असते आणि वचनपूर्ती हा ईमानचा भाग आहे. 1993 साली ब्रुनेई येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या आठव्या अधिवेशनाने शरीअतविरोधी नसलेले वाहतुकीचे नियम पाळणे शरीअतनुसार बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले आहे. म्हणजे पोलीस चौकीवर दंड टळला, तरी जबाबदारी टळत नाही. आपण अल्लाहला पाहत नसलो तरी तो आपल्याला पाहत आहे, ही जाणीव म्हणजे एहसान. ती केवळ मुसल्ल्यापुरती नाही, चालकाच्या आसनावरही ती हवी.

प्रवासाच्या दुआमध्ये आपण दोन गोष्टी कबूल करतो. हे वाहन आपल्या सामर्थ्याने आपल्या ताब्यात आलेले नाही आणि आपल्याला आपल्या पालनकर्त्याकडे परतायचे आहे. ज्याने मनापासून कबूल केले की वाहन आपल्या बळाने आवरले जात नाही, तो पट्ट्याकडे दुर्लक्ष कसे करील? म्हणून दुआ मुखाने पढताना हातांनी पट्टा लावावा. लहानांना त्यांच्या आसनावर बांधावे, मागे बसलेल्या आजी-आजोबांचा पट्टा आपण स्वतः लावून द्यावा, आणि तळेरेचा तिठा मागे पडल्यावरही तो तसाच राहू द्यावा.

अल्लाह आपल्याला त्याच्या अमानतीची कदर करण्याची सद्बुद्धी देवो आणि प्रत्येक प्रवाशाला सुखरूप घरी पोहोचवो. आमीन.