पंडितांच्या रीतीने

शैक्षणिक वर्षाच्या आरंभी अभियांत्रिकीच्या एखाद्या विभागात तरुण सहायक प्राध्यापक रुजू होतो, तेव्हा त्याच्या हाती नेमणुकीचा हुकूम असतो, वेळापत्रक असते आणि पुष्कळदा ज्येष्ठांनी नाकारलेला एखादा विषयही असतो. परंतु ज्याच्यापाशी आपले अज्ञान निःसंकोचपणे बोलून दाखवावे असा वडीलधारा सहकारी लाभणे, हे मात्र दैवावर सोपविलेले असते.

छत्रपती संभाजीनगरात १९६० साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले आणि पुढे खासगी महाविद्यालयांमुळे या विद्याशाखेचा येथे मोठा विस्तार झाला. एम.टेक. होऊन थेट फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या तरुणास तुळईवरील भाराचे गणित अवगत असते. पण साठ जणांच्या वर्गात ते निम्म्यांना का उमगत नाही, प्रश्नपत्रिका कशी काढावी, प्रयोगशाळेतील यंत्र बिघडले असता खोळंबलेल्या तुकडीस कसे गुंतवावे, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नवागत अध्यापकांसाठी आठ घटकांचे प्रशिक्षण आखले आहे. ती तरतूद स्तुत्यच आहे. तथापि विश्वास परिपत्रकाने उत्पन्न होत नाही.

तो कशाने उत्पन्न होतो, याचे उत्तर या नगरीस दूर शोधावयास नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली येथे स्थापिलेल्या महाविद्यालयास मिलिंदाचे नाव लाभले आणि परिसरास नागसेनाचे. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात चर्चेच्या आरंभीच्या टप्प्यात भिक्खू नागसेन राजा मिलिंदापुढे अशी अट ठेवतो, की संवाद व्हावयाचा तर तो पंडितांच्या रीतीने व्हावा, राजांच्या रीतीने नव्हे. कारण पंडितांच्या वादात खंडन होते, चूक दाखविली जाते, तरी कोणी क्रुद्ध होत नाही, आणि राजे मात्र प्रतिवाद करणाऱ्यास दंड फर्मावतात. मिलिंदाने ती अट मान्य केली, म्हणूनच पुढचे सारे प्रश्न विचारले गेले.

आमच्या विभागांतून हे घडते काय? ज्या ज्येष्ठाने मार्गदर्शन करावयाचे, त्याच्याच लेखणीने नवख्याचा गोपनीय अहवाल लिहिला जात असेल, अथवा तासिका तत्त्वावरील अध्यापकाची पुढील नेमणूक त्याच्याच शब्दावर अवलंबून असेल, तर शंका विचारणे हे स्वतःविरुद्ध पुरावा दाखल करण्यासारखे ठरते. मग तो तरुण मूक राहतो, ठाऊक नसलेले ठाऊक असल्याचे भासवितो, आणि त्या मौनाची किंमत गंगापूर-वैजापूरकडून शिकावयास आलेली मुले मोजतात.

म्हणून मार्गदर्शक आणि मूल्यमापक या दोन जबाबदाऱ्या एकाच व्यक्तीकडे नसाव्यात, हा शिरस्ता प्रत्येक विभागाने घालून घ्यावा. ज्येष्ठाने नवख्याच्या तासाला बसावे, दिसलेले दोष केवळ त्यालाच सांगावेत आणि त्याआधी त्याला आपल्या तासाला बोलावून स्वतःचे दोष दाखविण्याची मुभा द्यावी; जे संशोधन त्याने एकट्याने केले, त्यावर हुद्द्याच्या जोरावर आपले नाव घालू नये; आणि कार्यालयीन दप्तराचे ओझे वाटताना सर्वांत नवा खांदा सर्वांत सोयीचा मानू नये.

हे औदार्य नव्हे, कर्तव्य आहे. ज्या विभागातील ज्येष्ठ आपला अधिकार बाजूस ठेवून कनिष्ठाचा प्रश्न ऐकू शकत नाहीत, त्या विभागाने विद्यार्थ्यांकडून जिज्ञासेची अपेक्षा करू नये.