काम हीच पूजा, पण तिची किंमत कोणी मोजायची?

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४६

श्लोकाचा आशय आपल्या ओळखीचा आहे. देवाची पूजा फक्त फुलांनी आणि निरांजनानेच होते असं नाही, आपल्या वाट्याचं काम नीट केलं तर तीही त्याचीच पूजा. ऐकायला किती सोपं वाटतं! पण मनात लगेच दोन प्रश्न येतात. हे ‘आपल्या वाट्याचं काम’ ओळखायचं कसं? आणि ते ओळखल्यावर त्याची किंमत मोजायची कोणी, एकट्या आपण की घरच्यांनीही?

हे प्रश्न आज घ्यायचं कारण सांगतो. जपानी सुतारांचे व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. रंधा स्वतःकडे ओढला जातो, कागदाहून पातळ साल निघते, दोन लाकडं एकमेकांत अशी बसतात की सांधा दिसतच नाही. लॅपटॉपसमोर बसून बसून कंटाळलेल्या मनाला वाटतं, सगळं सोडून असं काहीतरी करावं. ही इच्छा खोटी नाही. पण त्या दोन मिनिटांच्या व्हिडिओमागचं आयुष्य कसं असतं, तेही पाहायला हवं.

जपानमध्ये देवळं आणि बौद्ध विहार बांधणाऱ्या सुतारांना मियादाइकु म्हणतात. नारा शहराजवळच्या इकारुगा गावी होर्यूजी नावाचं बौद्ध मंदिर आहे. तिथल्या इमारती सुमारे १३०० वर्षांपूर्वीच्या. जगातल्या आज उभ्या असलेल्या लाकडी इमारतींमध्ये त्या सगळ्यात जुन्या मानल्या जातात. (जपानी बांधकामात खिळा वापरतच नाहीत असं सर्रास सांगितलं जातं, ते खरं नाही. होर्यूजीत घडीव लोखंडाचे खिळे आहेत, आणि तेही उत्तम टिकलेले.) या मंदिराचं काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या घराण्यात १९०८ साली निशिओका त्सुनेकाझु जन्मले. १९९५ साली ते गेले, तोवर जपानभर त्यांचं नाव झालं होतं.

त्यांचे आजोबा त्सुनेकिची हे मंदिराचे मुख्य सुतार. नातवाला शिकायला कुठे पाठवायचं हा प्रश्न आला, तेव्हा वडिलांच्या मनात तांत्रिक शाळा होती. आजोबांनी मात्र हट्टाने शेतीशाळेत घातलं. सुताराच्या मुलाने खत, माती आणि नांगरट कशाला शिकायची? आजोबांचं म्हणणं असं की झाड मातीतून येतं, माती कळली नाही तर लाकूड कळणार नाही. स्वतःच्या आवडीचं शिकण्याआधी ते काम जिथून येतं तिथे जाऊन वाकायचं, हा पहिला धडा.

दुसरा धडा धारेचा. निशिओकांचे शिष्य ओगावा मित्सुओ शाळेत असताना सहलीला होर्यूजीत आले. पाच मजली पॅगोडा पाहिला आणि ठरवलं की हेच करायचं. शाळा संपल्यावर ते निशिओकांकडे गेले, पण त्यांच्याकडे देवळाचं कामच नव्हतं. त्यांनी परत पाठवलं. काही वर्षं दुसरीकडे काम शिकून ओगावा पुन्हा आले, तेव्हा कुठे गुरूंनी ठेवून घेतलं. आणि सांगितलं काय? वर्षभर टीव्ही नाही, रेडिओ नाही, वर्तमानपत्र नाही, फक्त हत्यारांना धार लावायची. समजावून सांगणंही फारसं नाही. गुरूंनी रंधा मारून निघालेली एक साल हातात ठेवली, अशी काढ म्हणाले, बस्स.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. एखादं काम आपलं आहे की नाही, ते त्यातल्या सुंदर क्षणावरून ठरत नाही. सुंदर क्षण सगळ्यांनाच आवडतो. त्या कामातला जो कंटाळवाणा, कोणालाही न दिसणारा भाग असतो, तो आपण रोज करू शकतो का, यावरून ठरतं. नामस्मरणाचंही तसंच नाही का? एकादशीचं कीर्तन सगळ्यांना हवं असतं, पण मंगळवारी सकाळी साडेसहाला डोळ्यांवर झोप असताना हातात माळ घेणारे थोडे.

तिसरी गोष्ट लाकडाच्या स्वभावाची. या सुतारांकडे तोंडी चालत आलेली शिकवण आहे. तिचा एक भाग असा की देवळासाठी सुटी झाडं विकत घेऊ नका, अख्खा डोंगर घ्या. कारण दक्षिण उतारावरचं झाड दक्षिणेच्या बाजूला वापरायचं, उत्तरेचं उत्तरेला. आणि लाकूड जुळवायचं ते नुसतं मापाने नाही, त्याच्या खोडीप्रमाणे. डावीकडे पीळ असलेल्या लाकडासमोर उजवीकडे पीळ असलेलं ठेवायचं, म्हणजे दोघं एकमेकांना धरून ठेवतात. पिळाचं लाकूड टाकून द्यायचं नाही, त्याला जागा शोधायची. हेच माणसांनाही लागू, असं ही शिकवण पुढे सांगते. गीता ज्याला स्वभाव म्हणते ते याहून सोप्या शब्दांत कसं सांगणार?

आता दुसरा, अवघड प्रश्न.

निशिओकांच्या घराण्याचा नियम होता की मियादाइकुने लोकांची साधी घरं बांधायची नाहीत. पैशासाठी काम घ्यायची सवय लागली की हात घाईचा होतो, आणि तो हात देवळाला चालत नाही. देवळाचं काम नसेल तेव्हा शेती करून पोट भरायचं. ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्याची दुसरी बाजूही आहे. युद्धानंतरच्या हलाखीत कामं नव्हती, निशिओकांना जमिनी विकाव्या लागल्या, क्षयही झाला. त्यांची मुलं या धंद्यात आली नाहीत. एवढ्या जुन्या परंपरेचा मुख्य सुतार, आणि घरातच ती पुढे गेली नाही.

मग त्यांचं चुकलं का? त्यांनी नियम मोडून चार घरं बांधली असती, तर मुलं आली असती का? हे कोण सांगणार! पण त्यांच्या शिष्याने यावर जे केलं ते पाहण्यासारखं आहे. ओगावांनी १९७७ साली ‘इकारुगा कोशा’ नावाची संस्था काढली. हेतू स्पष्ट होता, मियादाइकुला या कामावर पोट भरता आलं पाहिजे. देशभरातली देवळांची कामं घ्यायची, मुलांना सोबत राहायला ठेवायचं. नवा मुलगा आधी स्वयंपाक आणि झाडलोट करतो, धार लावतो, आणि पूर्ण तयार व्हायला सुमारे दहा वर्षं घेतो.

शिष्याने गुरूची वाट सोडली का? मला तसं वाटत नाही. गुरूने कामाला लोभापासून जपलं, शिष्याने कामाला उपासमारीपासून जपलं. दोघांनी जपलं ते कामच. आपल्याकडे मात्र ‘पॅशनसाठी उपाशी राहिला’ अशा गोष्टींना आपण फार लवकर टाळ्या वाजवतो. आई-वडिलांचं औषध आणि घराचा हप्ता चुकवून केलेला त्याग देवाला पोचत असेल, असं मानणं जरा घाईचं आहे. ज्यांनी ती किंमत मोजायची, त्यांना आधी विचारलं का, हे पाहायला हवं. आणि तरीही, फक्त भीतीपोटी हाक टाळत राहणं हीसुद्धा प्रामाणिकता नव्हे. दोन्ही बाजूंचं वजन पेलावंच लागतं.

याच अध्यायात दोन श्लोक पुढे भगवंत सांगतात की कुठलंच काम पूर्ण निर्दोष नसतं, म्हणून ते सोडायचं नसतं. निशिओकांना हे प्रत्यक्ष जगावं लागलं. नारा इथल्या याकुशीजी मंदिराचं मुख्य सभागृह त्यांनी उभारलं, ते १९७६ साली पूर्ण झालं. आतल्या प्राचीन मूर्तींना आगीपासून जपण्यासाठी गाभ्याचा भाग काँक्रीटचा हवा, असं ठरवण्यात आलं. निशिओकांचा कडाडून विरोध होता. लाकूड हजार वर्षं टिकेल, काँक्रीट तेवढं टिकणार नाही, असं ते सांगत राहिले. ऐकलं गेलं नाही. ते भांडले, पण काम टाकून गेले नाहीत. काँक्रीटच्या भोवती त्यांनी आपलं लाकूड तितक्याच मनाने उभं केलं. ऑफिसात आपलं म्हणणं डावललं गेलं की आपण उरलेलं काम कसं करतो, ते ज्याने त्याने आठवून पाहावं.

आणि फळ? त्याच मंदिराचा पश्चिमेचा पॅगोडा १९८१ साली पूर्ण झाला. जुन्या पूर्वेच्या पॅगोड्यापेक्षा निशिओकांनी तो मुद्दाम थोडा उंच ठेवला. कित्येक शतकांनी लाकूड आणि जमीन दबेल, तेव्हा कुठे दोघांची उंची जुळेल. ती पाहायला त्यांच्या ओळखीचं कोणीच असणार नाही.

याच्या अगदी उलट इसेचं मंदिर. तिथली देवालयं दर २० वर्षांनी शेजारच्या जागेवर नवी बांधतात आणि जुनी उतरवतात. ही प्रथा ६९० सालापासून चालत आली आहे, मधे खंड पडले तरी. २०१३ साली ६२ वी वेळ झाली, पुढची २०३३ साली. एका सुताराच्या आयुष्यात हा योग दोन-तीनदाच येतो, एकदा शिकाऊ म्हणून, एकदा कर्ता म्हणून, नशीब असेल तर एकदा शिकवणारा म्हणून. आपण बांधलेलं आपल्याच डोळ्यांदेखत उतरवलं जातं. लाकूड दुसऱ्या देवळांना जातं, हातातली विद्या पुढच्या मुलाकडे.

एकाचं काम त्याच्या मागे शतकानुशतकं राहणार, दुसऱ्याचं वीस वर्षांत उतरणार. दोघांच्याही हातात फळ नाही. तरी दोघं सारखीच धार लावतात. फळाची आशा सोडणं म्हणजे कामात ढिलाई करणं नव्हे, हे इतक्या स्वच्छपणे मला तरी दुसरीकडे दिसलं नाही.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, नोकरी सोडायची की नाही हे हा लेख सांगणार नाही. आज फक्त एवढं करून पाहा. तुमच्या रोजच्या कामातला जो भाग कोणी पाहत नाही, ज्याचं कौतुक होत नाही, तो एक भाग आज देवापुढे ठेवायचा आहे असं समजून करा. मग ती एक्सेलची फाइल असो, आजीच्या गोळ्यांचा डबा असो, नाहीतर खरोखरच एखादी पटाशी असो. महिनाभर रोज केलंत, तर आपलं काम कोणतं हे त्यातूनच हळूहळू कळायला लागेल.

राम कृष्ण हरी.