शिवणीतली माया

शास्त्रपाठ : लूक २:४१-५२, १ शमुवेल २:१८-१९



जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भिलाई येथील वैशाली नगरात एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाने मला घरगुती उपासनेसाठी बोलाविले होते. पावसाचा अद्याप पत्ता नव्हता. कूलरची घरघर एवढी होती की, गीत गाताना तो बंद करावा लागला आणि प्रार्थनेच्या वेळी आजीबाईंनी खूण करून पुन्हा सुरू करविला. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते सुरू झाली. त्यानंतरच्या काळात देशाच्या सर्व प्रांतांतून जी माणसे येथे पोटापाण्यासाठी आली, त्यांत ह्या आजीबाईंचे यजमानही नगर जिल्ह्यातून आले. आज त्यांचा मुलगा त्याच कारखान्यात आहे. घरात आजीचे मराठी पवित्र शास्त्र, नातीची हिंदी पाठ्यपुस्तके आणि रविवारी मंडळीत हिंदी उपासना, असा तिहेरी संसार आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या पुष्कळ वाचकांना तो परिचयाचा असेल.

उपासनेचे निमित्त होते नातीचे. ती घराजवळच्या लहानशा शाळेतून आठवी उत्तीर्ण झाली होती आणि आता रेल्वेमार्गाच्या पलीकडे, टाउनशिपमधील मोठ्या शाळेत नववीस जाणार होती. महाराष्ट्रात हायस्कूल म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पाचवीचा वर्ग येतो. छत्तीसगडात मात्र पाचवीपर्यंत प्राथमिक, आठवीपर्यंत मिडल आणि नववीपासून हायस्कूल, अशी विभागणी आहे. म्हणजे आपल्याकडे दहा वर्षांचे लेकरू जो उंबरठा ओलांडते, तो येथे तेरा-चौदाव्या वर्षी, शरीर आणि मन दोन्ही बदलत असताना, ओलांडावा लागतो. प्रभू येशूला घेऊन मरीया व योसेफ वल्हांडणासाठी यरुशलेमेस गेली तेव्हा तो बारा वर्षांचा होता, हे लूक आवर्जून सांगतो.

वडील म्हणाले, "पाळकसाहेब, एवढी प्रार्थना करा की ती पहिल्या दहांत यावी." आई म्हणाली, "रस्ता मोठा आहे, सायकलने जाणार, त्याची काळजी वाटते." मी मुलीला विचारले, "आणि बाळ, तुला कशाची भीती वाटते?" ती बराच वेळ बोलेना. आजीने पाठीवर हात ठेवला तेव्हा म्हणाली, "डबा कोणाबरोबर खायचा?"

मंडळी हसली. मला हसू आले नाही.

लूकाच्या दुसऱ्या अध्यायातील तो प्रसंग आपण शब्बाथशाळेत शंभर वेळा ऐकलेला असतो. बाळ येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसला आहे, हे चित्र भिंतीवरही असते. परंतु त्या चित्राच्या आधी एक संपूर्ण दिवस आहे आणि त्या दिवसाचे चित्र कोणी काढीत नाही. आईबाप परतीच्या वाटेवर चालत आहेत, मुलगा बरोबर नाही आणि त्यांना त्याची जाणीवही नाही. तो बरोबरच्या लोकांत असेल असे त्यांना वाटले, असे लूक लिहितो. ती काही निष्काळजी माणसे नव्हती. दरवर्षी सणास जाणारी, नियमशास्त्र पाळणारी होती. भोवती नातलग होते, ओळखीचे होते, सगळे देवभक्त होते. अशा जमावात मूल कोठे जाणार? अशा जमावात असल्यामुळेच मूल मागे राहिल्याचे दिवसभर कळले नाही.

येथे मला स्वतःविषयी काही सांगणे भाग आहे. माझा मुलगा नववीत गेला तेव्हा त्याची शाळा मी निवडली, विषयांच्या शिकवण्या मी ठरविल्या आणि त्याला एका शब्दानेही विचारले नाही. सहामाहीत तो गणितात व विज्ञानात नापास झाला. प्रगतिपुस्तकावर त्याने माझी सही स्वतःच केली. त्या महिन्यात मी दुसऱ्या गावच्या मंडळीत ख्रिस्ती कुटुंबजीवनावर तीन व्याख्याने देत होतो. वर्गशिक्षकांनी बोलावून ती सही दाखविली तेव्हा माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते असे : "पण हा तर दर रविवारी उपासनेत दुसऱ्या रांगेत बसतो!" घरी आल्यावर मी जे बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. त्याच्या आईने मात्र ताट वाढले आणि ती त्याच्याजवळ बसून राहिली. दोन दिवसांनी त्याने तिला सांगितले की, पहिल्या महिन्यातच त्याला फळ्यावरचे काही समजेनासे झाले होते, पण पाळकाचा मुलगा म्हणून विचारण्याची लाज वाटत होती. तो बरोबरच्या लोकांत आहे, असे मला वाटले होते. एक दिवस नव्हे, पाच महिने.

नववीत असे का घडते, ह्याला घराबाहेरचेही कारण आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. आठवीपर्यंत कोणासही त्याच वर्गात मागे ठेवू नये असा त्यात नियम होता. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीपुरती राज्यांना मोकळीक देण्यात आली. नियमामागचा हेतू दयेचा होता. परंतु पुष्कळ घरांत मूल वर चढते आहे म्हणजे त्याला येतेच आहे, अशी समजूत झाली. अपूर्णांक कच्चे, वाचन अडखळते आणि नववीत एकदम बीजगणित व भौतिकशास्त्र! नापास हा शब्द मूल तेव्हा प्रथम ऐकते. शिवाय त्या कायद्याचे छत्रही बहुतेक मुलांच्या बाबतीत ह्याच वळणावर संपते. घरात ओढाताण असली की पहिला बळी मुलीच्या शाळेचा जातो. छत्तीसगड सरकार नववीतील अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलींना सरस्वती सायकल योजनेतून सायकली देते, ते ह्याच कारणास्तव. आपल्या मंडळीत अशी कोणी मुलगी आहे काय, आणि अर्ज भरण्यास तिच्या आईबरोबर कोणी गेले काय, हे वडीलमंडळाने पाहावयास हवे.

म्हणून आईबापांना माझी विनंती आहे की, शाळा उघडण्यापूर्वी एके संध्याकाळी मुलाजवळ बसून त्याच्याकडून मागील वर्षाचे पुस्तक मोठ्याने वाचून घ्यावे, चार उदाहरणे सोडवून घ्यावीत. ओरडण्यासाठी नव्हे, तर ते कोठे उभे आहे हे आपणांस कळावे म्हणून. नव्या शाळेचा रस्ता त्याच्याबरोबर एकदा, शाळेच्याच वेळी, पार करावा. मुलगी असेल तर आईने शरीरधर्माविषयी तिच्याशी मोकळेपणी बोलावे. शाळेत अडचण आली तर कोणत्या बाईंना सांगायचे हे ठरवून द्यावे. आपल्या घरांत ह्या विषयावर अजूनही कुजबुज चालते. देवाने घडविलेल्या देहाची एवढी लाज कशासाठी, हे मला कधी समजले नाही.

आणि हातात मोबाइल देण्यापूर्वी आपला स्वतःचा बाजूला ठेवून पाहावा. ह्यावर अधिक लिहीत नाही; वाचकांस ठाऊक आहे.

मंदिरात सापडला तेव्हा येशू काय करीत होता? गुरुजनांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारीत होता. त्याच्या उत्तरांचे कौतुक नंतर येते. आपण मुलांना उत्तरे पाठ करवितो. प्रश्न विचारला की "मोठ्यांपुढे बोलू नये" म्हणतो. मग तेच मूल पन्नास-साठ मुलांच्या वर्गात हात वर करील अशी अपेक्षा कशी धरावी? मरीयेने त्याला दुखावलेल्या स्वरात जाब विचारला, त्यानेही प्रश्नानेच उत्तर दिले. आपण पित्याच्या घरात असणे अगत्याचे आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते काय, असा त्या प्रश्नाचा आशय होता. आणि लूक निःसंकोचपणे नमूद करतो की, ते बोलणे त्यांना समजले नाही. साक्षात मरीयेला आपला बारा वर्षांचा मुलगा समजला नाही! तिने वाद वाढविला नाही. सर्व गोष्टी अंतःकरणात ठेवल्या. तो त्यांच्याबरोबर नासरेथास गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. पुढे तो ज्ञानाने, शरीराने आणि देवाच्या व मनुष्यांच्या कृपेत वाढत गेला, असे लिहिले आहे. गुणपत्रिकेत ह्यांतील किती गोष्टींना रकाने असतात?

वैशाली नगरातील त्या वडिलांच्या मनात आणखी एक काळजी होती. ती त्यांनी मला दारात, हळू आवाजात सांगितली. "जुन्या शाळेत सगळे ओळखीचे होते. येथे कोणी विचारले की तुम्ही ख्रिस्ती का, तर तिने काय सांगावे?" ह्या प्रश्नामागचे भय खोटे नाही आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. परंतु मुलीला लपविण्यास शिकविले तर ती आयुष्यभर लपवीत राहील. पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सांगतो की, आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्यास उत्तर देण्यास सिद्ध असावे, मात्र सौम्यतेने व आदराने. वाद घालू नये, दुसऱ्याच्या देवाधर्माची थट्टा करू नये, मैत्रिणीच्या घरच्या सणाच्या दिवशी तोंड वाकडे करू नये. आणि विचारले तर सरळ "होय" म्हणावे. एवढे तेरा वर्षांच्या मुलीस पुरे आहे. कोणी त्रास दिलाच, तर तो घरी येऊन सांगता यावा, इतके घर मोकळे असावे.

अनोळखी माणसांपासून सावध राहण्यास आपण मुलांना शिकवितो, ते योग्यच आहे. तरी त्या घरासमोरून परतताना मला त्याच लोहमार्गावरची एक जुनी गोष्ट आठवली. दुर्गच्या पुढे पश्चिमेस राजनांदगाव आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाणाऱ्या गाडीत नारायण वामन टिळक ह्यांना एक अनोळखी गोरा सहप्रवासी भेटला. तो त्यांच्याशी आदराने बोलला आणि त्याने त्यांना नवा करार वाचावयास दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा बाप्तिस्मा झाला. घर सोडून निघालेल्या माणसाच्या डब्यात देव कोणाला आणून बसवील, हे फलाटावर उभ्या असलेल्या नातलगांना ठाऊक नसते. आपल्या मुलीच्या शेजारच्या बाकावर कोण बसणार, हेही आपण ठरवू शकत नाही. ती कोणाशेजारी जाऊन बसेल, हे मात्र थोडेफार आपल्या घरात ठरते. जक्कयाच्या घरी जेवावयास जाणाऱ्या प्रभूची गोष्ट तिला ठाऊक आहे. म्हणून मी तिला एवढेच सांगितले की, पहिल्या दिवशी मधल्या सुटीत डबा उघडण्यापूर्वी एकदा चोहोकडे पाहा. तुझ्यासारखीच आणखी कोणीतरी डबा हातात धरून उभी असेल.

आता हन्नेकडे वळू. शमुवेलाला तिने शिलो येथे एलीपाशी सोडले. ते स्थळ निर्दोष होते असे आपण समजतो. पण त्याच अध्यायात एलीच्या मुलांची दुष्कृत्ये नमूद आहेत आणि लहानगा शमुवेल त्यांच्याच सावलीत वाढत होता. निर्मळ शाळा शोधत फिरणाऱ्या आईबापांनी हा अध्याय सावकाश वाचावा. हन्नेने काय केले? ती दरवर्षी त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून नेत असे. वर्षातून एकदा दिसणाऱ्या मुलाचे माप तिला कसे कळत असेल? शास्त्र ते सांगत नाही, म्हणून मीही ठासून सांगणार नाही. पण मुलाचे कपडे शिवलेल्या कोणत्याही आईला विचारावे. वर्षभर ती मनात त्याची उंची मोजत असणार : आता दाराच्या कडीपर्यंत आला असेल, आता बाह्या आखूड होत असतील. आणि कापड बेतताना तिने माया सोडली असणार. शिवणीत आत दुमडलेल्या त्या जादा कापडाला आपल्या भाषेत माया म्हणतात, ही गोष्ट मला फार वर्षांनी उमगली. ती बाहेरून दिसत नाही. कपडा आजच्या अंगालाच बसतो, पण उद्याच्या वाढीची सोय त्यात असते. नेमके मापात, माया न सोडता शिवलेले मूल पहिल्याच श्रमात उसवते. मी माझ्या मुलाला तसे शिवले होते.

उपासना आटोपल्यावर आजीबाईंनी कपाटातून नवा गणवेश काढून दाखविला. सुपेल्याच्या बाजारातील शिंप्याकडून शिवून आणलेला. कुडत्याच्या खालच्या काठाला चांगली चार बोटे दुमड होती. "किती जाड दिसते ते!" मुलगी कुरकुरली. "असू दे," आजी म्हणाली, "दिवाळीनंतर सोडायची आहे ती." आईने आतून स्टीलचा डबा आणला, दोन कप्प्यांचा, आणि मुलीला विचारले की, पोळ्या दोघींच्या द्यायच्या का. मुलीने मान हलविली.

निघताना मी वडिलांना विचारले, "सोमवारी शाळा उघडते. तुमची पाळी कोणती?"

"पहिली, पाळकसाहेब. सहाला कारखान्यात असतो. ती उठण्याआधीच निघेन."

मी काही बोललो नाही. त्यांनी एकदा मुलीकडे पाहिले, मग पायांत चपला सरकवीत म्हणाले, "शेजारच्या गल्लीत माझ्या विभागातले एक गृहस्थ राहतात. थांबा, तुम्हांला रस्त्यापर्यंत सोडतो आणि जाता जाता त्यांच्याकडून पाळी बदलून घेतो."